पालीचं पिल्लू आणि बारा हजार एकतीस

आमच्याकडे गुहागरला पावसाळ्यात लाइट गेली तर कोणी मान वर करून बघत नाही. बघतात ते लाइट येताना. आई म्हणते, आमची लाइट 'उडी मारून' येते. आधी ट्यूब दोनदा डोळे मिचकावते, फ्रिजचा स्टॅबिलायझर टक् टक् करतो, पुन्हा काळोख, आणि मग सगळं घर एकदम लख्ख.

जुलै 2024 च्या शेवटी अशीच एका रात्री लाइट उडी मारून आली आणि टीव्हीखालच्या फळीवर फट् असा आवाज झाला. मागोमाग केस जळल्यासारखा वास. लेक धावत गेली आणि तिने प्लेस्टेशनचं बटण दाबलं. काही झालं नाही म्हणून पुन्हा दाबलं. तरी काही नाही म्हणून भिंतीवरचा स्विच बंद-चालू करून तिसऱ्यांदा. मीही तिथेच उभा होतो आणि मीच म्हणालो, "परत एकदा मार बघू." हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढे चिपळुणात याच वाक्यावरून मी चांगलं ऐकून घेतलंय.

प्लेस्टेशन आमचा नव्हता, भाच्याचा होता. प्लेस्टेशन 4, स्लिम, 2018 साली डोंबिवलीत घेतलेला. मे महिन्यात भाचा आला तो पाठीवर लावून. आंबे संपले, सुट्टी संपली, भाचा गेला, पण यंदा त्याची दहावी म्हणून ताईने तो डबा मुद्दाम इथेच ठेवून घ्यायला लावला. "गणपतीत आलास की खेळ," असं मामाने वचन दिलेलं. गणपती 7 सप्टेंबरला.

घरच्या घरी जे करता येतं ते केलं. वायर बदलली. ती साधीच असते, जुन्या टेपरेकॉर्डरला यायची तसली आठच्या आकड्यासारखी, त्यामुळे घरात मिळाली. बटण सात सेकंद दाबून धरलं की दुसरी बीप वाजते आणि सेफ मोड उघडतो असं भाच्याने फोनवर सांगितलं. पण पहिली बीपच वाजेना तर दुसरी कुठून वाजणार? शृंगारतळीच्या मोबाइलवाल्याने डबा हातात घेऊन कानाशी हलवला, नारळ बघतात तसा, आणि म्हणाला, "बोर्ड गेला. भंगारात घाला." उघडला मात्र नाही.

त्याच आठवड्यात आमच्या वाडीतल्या वहिनींचा निरोप आला. त्या विम्याच्या एजंट आहेत. गाडीची पॉलिसी 31 ऑगस्टला संपते, हप्ता 12,031 रुपये, कधी भरताय? मी दरवर्षी करतो तसं "हो" लिहिणार, तेवढ्यात बायकोने स्क्रीनवर बोट ठेवलं.

"गाडी एक वर्षाने म्हातारी झाली ना? मग विमा का नाही उतरला?"

मला उत्तर आलं नाही. पाच वर्षं पैसे भरतोय आणि कशाचे भरतोय ते माहीत नाही. शाळेत मी कारकून आहे, दुसऱ्यांच्या पावत्या तपासणं हे माझं काम, आणि स्वतःची पावती मी कधी दुसऱ्या पानापलीकडे वाचलेली नव्हती.

24 ऑगस्टला शनिवार होता, शाळा सकाळची. दुपारी डबा टॉवेलात गुंडाळून गाडीत टाकला आणि चिपळूणला निघालो. शृंगारतळी, मार्गताम्हाने, रामपूर, सगळा रस्ता पावसातच. शाळेतल्या एका शिक्षकांनी पत्ता दिलेला. दुकान म्हणजे जिन्याखालची दहा बाय आठची खोली. दारापाशी भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर, निळ्या ऑइलपेंटने एक आडवी रेघ आणि तिच्यावर लिहिलेलं: 22-7-2021. वाशिष्ठीचं पाणी तिथपर्यंत होतं. चिपळूणकरांना असल्या रेघा दाखवून सांगायची गरज पडत नाही, बाहेरच्यालाच मान वर करावी लागते.

दुरुस्तीवाला पस्तिशीचा असेल. मी "काय झालं असेल?" विचारायच्या आत त्याने विचारलं, "बंद पडल्यावर किती वेळा चालू करून बघितला?"

"तीनदा."

"का?"

याला काय उत्तर द्यायचं?

"काका, लाइट जाऊन आली, आवाज झाला, वास आला, वर पावसाळ्याची हवा. ओल्या यंत्राला स्विच मारायचा नाही. जेवढं वाचलेलं असतं तेवढं आपण त्या स्विचने मारतो."

मग त्याने डबा उघडला. मागच्या स्टिकरखालचे स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाहीत. सहा टोकांच्या चांदणीसारखे, आणि मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा खुंट, म्हणजे पान्यालाही मधे भोक लागतं. खालचं झाकण निघालं तशी काळी पॉवर सप्लायची पेटी दिसली. ती उघडण्याआधी त्याने टेबलाखालून साठ वॅटचा साधा बल्ब काढला, होल्डरला दोन वायरी जोडलेला. पेटीत एक जाड नळकांड्यासारखा कॅपॅसिटर असतो. आपल्या 230 व्होल्टच्या लाइनवर तो तीनशे व्होल्टच्याही वर भरतो, आणि प्लग काढल्यावरही तो भार काही वेळ धरून ठेवू शकतो. वायरी त्याच्या पायांना लावल्या. बल्ब पेटला नाही.

"महिना झाला म्हणालात ना, रिकामा झालाय. तरी लावायचा. एकदा न लावल्याचं अजून आठवतं," म्हणत त्याने डाव्या हाताचा अंगठा दाखवला. अंगठ्यावर पांढरा व्रण होता.

पेटीचं झाकण उचललं आणि तो हसला. "या, तुमचा पाहुणा बघा."

पालीचं पिल्लू होतं. करंगळीपेक्षा बारीक, वाळून बोंबलाच्या काडीसारखं झालेलं, पुढचे पाय सोल्डरच्या एका टाक्यावर आणि शेपूट दुसऱ्यावर. शेपटीची तेवढी जागा काळी. शेजारचा फ्यूज आतून धुरकटलेला. मल्टिमीटरची टोकं लावली, स्टँडबायचा व्होल्टेज (बटण दाबण्याआधीही असायला हवा तो) शून्य. म्हणजे गेला होता तो पॉवर सप्लाय, बोर्ड नव्हे. पावसाळ्यात पाली ऊब शोधतात, आणि हे यंत्र नुसतं प्लगला लावून ठेवलं तरी किंचित कोमट असतं. मागच्या जाळीतून मोठी पाल जात नाही, पिल्लू जातं. त्या रात्री लाइट आली नसती तर ते कदाचित आत येऊन बाहेरही गेलं असतं.

पुढचा तासभर मी स्टुलावर बसून बघत होतो, आणि खरं सांगायचं तर मला त्यात फार बरं वाटत होतं. पंखा निघाला. पात्यांवर धूळ नव्हती, पापुद्रा होता, ओलसर करडा, खारट हवेत धूळ बसते तसा. यूएसबीच्या तोंडांना हिरवट कळा आलेली. मुख्य चिप आणि तिची उष्णता ओढणारा तांब्या-अॅल्युमिनियमचा ठोकळा यांच्या मधे जी पेस्ट असते ती सहा वर्षांत वाळून भिंतीच्या पोपड्यासारखी झाली होती. नखाने टोकरली तर भुगा पडला. "हा मेपासून मिक्सरसारखा ओरडत असणार," तो म्हणाला. ओरडत होता, आणि आम्ही टीव्हीचा आवाज वाढवत होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने चिप पुसली, आरशासारखी झाली, त्यात ट्यूबलाइट दिसायला लागली. मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट. बोर्डावरचा घड्याळाचा गोल सेल, सीआर2032, त्याच्या पट्टीवरही गंज, तोही बदलला. डिस्क आत ओढणाऱ्या भागाकडे मी बोट केलं तर म्हणाला, "त्याला मी मुद्दाम हात लावत नाही. डिस्क चालवणाऱ्या चिपचं आणि मुख्य बोर्डाचं लग्न लागलेलं असतं. दुसऱ्या मशीनची आणून लावली तर डिस्क वाचत नाही."

पॉवर सप्लाय त्याच्याकडे होता, दुसऱ्या मेलेल्या मशीनमधून काढून तपासून ठेवलेला. तो लावला, बटण मीच दाबलं. बीप. निळा दिवा, मग पांढरा. स्क्रीनवर तक्रार आली की मागच्या वेळी मला नीट बंद केलं नव्हतं, आणि मग हार्ड डिस्क तपासायला घेतली. ती पट्टी सरकत असताना त्याने वहीचा कागद फाडून हिशेब लिहिला. पॉवर सप्लाय (काढीव) 1,900. साफसफाई व पेस्ट 600. सेल 40. एकूण 2,540. प्रत्येक ओळ लिहिताना त्या त्या जुन्या वस्तूवर पेन टेकवत होता: ही जळकी पेटी, हा पेस्टचा भुगा, हा सेल. पालीचं पिल्लू त्याने छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून हिशेबाला टाचलं. "हे फुकट."

डिस्क तपासून होईतो गाडीचा विषय निघाला, कारण बाहेर माझी गाडी त्याच्या दारात उभी होती आणि मागचा बंपर फाटलेला दिसत होता. मे महिन्यात रिव्हर्स घेताना आमच्याच जांभ्याच्या गडग्यावर घासला होता.

"क्लेम नाही केलात?"

"राहिलंच."

"बरं झालं राहिलं," तो म्हणाला आणि रेघेकडे बघून 2021 ची गोष्ट सांगितली. दुकान तर गेलंच, गाडीही पाण्यात होती, सीटच्या वर. पाणी ओसरलं तसा शेजारच्याने स्वतःच्या गाडीला स्टार्टर मारला. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कारण पाणी दबत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. शेजाऱ्याला विमा कंपनीने इंजिनाचे पैसे नाकारले. पूर आला हे मान्य, पण इंजिन पुराने नाही, स्टार्टर मारल्याने गेलं, असं त्यांचं म्हणणं. दुरुस्तीवाल्याला मात्र सवयच होती ओल्याला स्विच न मारायची. त्याने बॅटरीची वायर काढली, फोटो काढले, कंपनीला कळवलं आणि गाडी उचलून नेली. सीट, वायरिंग, गाळ काढणं, इंजिन उघडून धुणं, याचे बहुतेक सगळे पैसे मिळाले. "पण इंजिनाचं वेगळं कव्हर मिळतं हे मला त्यानंतर कळलं. तुम्ही घेतलंय का?"

मला ठाऊक नव्हतं.

रविवारी वहिनी आल्या. चहा झाला, मी ते 12,031 चं कोटेशन शाळेतून छापून आणलेलं पुढे ठेवलं, आणि म्हटलं, "वहिनी, आज एकेक ओळ सांगा. कशाचे किती."

त्या जरा चपापल्या. "काय झालं भावजी, दुसरीकडून स्वस्त मिळालं का?"

मिळालं होतंच. आदल्या रात्री मी फोनवर बघितलं होतं, एका ठिकाणी 6,863. जवळपास निम्मं. ते मी नंतर काढायचं ठरवलं होतं, पण बायकोने लगेच सांगून टाकलं.

वहिनींना राग आला नाही. त्यांनी चष्मा लावला. त्यांचं म्हणणं, बारा वर्षांत त्यांना हे कोणी विचारलेलं नाही, सगळे "कमी करा" एवढंच म्हणतात.

पहिली ओळ थर्ड पार्टी, 3,416. ही सरकारने ठरवलेली, जून 2022 पासून तेव्हापर्यंत हीच. हजार सीसीपर्यंत 2,094, हजार ते दीड हजार 3,416, त्याच्या वर 7,897. माझी गाडी 1,197 सीसीची. कंपनी कोणतीही असो, एजंट सख्खा भाऊ असो, यात एक रुपया हलत नाही, आणि गाडी म्हातारी झाली म्हणूनही हलत नाही. कारण हा पैसा माझ्या गाडीसाठी नाहीच. माझ्या गाडीखाली कोणी आलं तर त्याच्या घरच्यांसाठी आहे, आणि मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईला वरची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेला तेवढी साडेसात लाखांची आहे. जुनी गाडी माणसाला हळू मारत नाही, असं वहिनी म्हणाल्या. बायकोच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळालं. पहिल्या तीन वर्षांचं थर्ड पार्टी तर 2019 मध्ये गाडी घेतानाच एकदम भरलेलं होतं, सप्टेंबर 2018 पासून नव्या गाडीला तसा नियमच आहे. म्हणून 2022 साली हप्ता अचानक उडाला होता आणि मी तेव्हा महागाईला शिव्या घातल्या होत्या.

दुसरी ओळ माझ्या स्वतःच्या गाडीची, ओन डॅमेज, 6,400. हा दर 2007 पासून कंपन्या आपापला ठरवतात. इथे गाडीची किंमत येते, तिला आयडीव्ही म्हणतात: आज शोरूममध्ये ते मॉडेल कितीला आहे त्यातून वयाप्रमाणे घट. पहिल्या वर्षाच्या शेवटाला 15 टक्के, मग 20, 30, 40, आणि पाचव्या वर्षी 50. पाचच्या पुढे तक्ता संपतो, कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायचं. माझी गाडी नेमकी पाचची होऊन पुढे चाललेली. वहिनींच्या कंपनीने 3,40,000 धरले होते.

"आता तुमचा फोन काढा," वहिनी म्हणाल्या.

फोनवरच्या स्वस्त कोटेशनमध्ये आयडीव्ही होता 2,55,000. बारीक अक्षरात, एका सरकपट्टीच्या खाली, आणि पट्टी आपोआप सगळ्यात डावीकडे ठेवलेली. वर कुठलंही जादा कव्हर नाही. वहिनींनी कागदावर मांडलं. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की गाडी पूर्ण नुकसान धरतात आणि आयडीव्ही देऊन विषय संपवतात. 3,40,000 चे 75 टक्के म्हणजे बरोबर 2,55,000. म्हणजे वहिनींच्या पॉलिसीत ज्या रकमेपर्यंत गाडी दुरुस्त करून मिळाली असती, त्या स्वस्त पॉलिसीत तेवढीच रक्कम हातावर ठेवून गाडी घेऊन जातील. आणि त्या पैशांत असली दुसरी गाडी येत नाही. एरवी बंपर-बिंपरच्या कामाला आयडीव्हीचा काही संबंध नाही, तो लागतो चोरीला आणि पुराला. चोरीचं सोडा. पूर आम्ही बघितलाय.

तिसरी ओळ नो क्लेम बोनस, वजा 3,200. पाच वर्षं क्लेम नाही म्हणून 50 टक्के. तो ओन डॅमेजवरच मिळतो, थर्ड पार्टीवर नाही. चढण अशी: 20, 25, 35, 45, 50. एक क्लेम केला की सरळ शून्यावर, सापशिडीतल्या नव्व्याण्णववरच्या सापासारखं. आता मला चिपळूणचं "बरं झालं राहिलं" समजलं, पण आकड्यात बघितल्याशिवाय माझं समाधान होत नाही. बंपरचं गॅरेजचं एस्टिमेट होतं: नवा बंपर 3,800, रंग 3,000, मजुरी 1,000. गेल्या वर्षी झिरो डेप (सुट्या भागांच्या जुनेपणाची कपात टाळणारं जादा कव्हर) घेतलेलं नव्हतं, त्यामुळे प्लास्टिकवर निम्मी कपात, म्हणजे 1,900. रंगात मटेरियल चौथा हिस्सा धरून त्याच्या निम्मे कापले, राहिले 2,625. मजुरी पूर्ण. त्यातून आपण सोसायचे सक्तीचे 1,000. हातात 4,525. आणि जाणार किती? यंदा 3,200. पुढच्या वर्षी 50 ऐवजी 20, म्हणजे 1,920. मग 1,600, मग 960, मग 320. ओन डॅमेज स्थिर धरला तर एकूण 8,000. साडेचार हजार मिळवायला आठ हजार.

(बंपर मी नंतर शृंगारतळीला प्लास्टिक वेल्डिंग आणि रंग करून घेतला, 2,200 रुपयांत. जवळून बघितलं तर शिवण दिसते. मी जवळून बघत नाही.)

त्याखालच्या ओळी माझ्या खऱ्या कामाच्या निघाल्या. झिरो डेप 1,520. इंजिन प्रोटेक्शन 780. कन्झ्युमेबल्स 390, म्हणजे ऑइल, नट-बोल्ट वगैरे. रोडसाइड मदत 160. चावी हरवल्यास 350. मालक-चालक अपघात कव्हर 330. पगारी ड्रायव्हर 50.

"पगारी ड्रायव्हर कोण?" आईने पडवीतून विचारलं.

कोणी नाही. तो रकाना सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरलेला येतो, वहिनींनी कधी काढला नव्हता. काढला. चावीचंही काढलं. साध्या चावीची दुसरी चावी देवघराच्या खुंटीला असते. अपघात कव्हर 15 लाखांचं सक्तीचं असतं, पण माझी वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी आहे 20 लाखांची. 15 लाखांचं आधीच असेल तर गाडीसोबत पुन्हा घ्यावं लागत नाही, हे जानेवारी 2019 पासून आहे. म्हणजे इतकी वर्षं मी ते दोनदा भरत होतो. कन्झ्युमेबल्सवर माझे आणि बायकोचे मतभेद झाले, शेवटी काढले.

झिरो डेप यंदा ठेवलं. पाचच्या पुढच्या गाडीला क्लेममध्ये लोखंडी भागांवरही 40 टक्के कपात लागते, प्लास्टिक-रबराला निम्मी आहेच. गाडी जुनी होते तशी ही कपात वाढते, म्हणून हे कव्हरही वयाबरोबर महागतं, आणि पुढे काही कंपन्या ते द्यायचंच बंद करतात. बायकोच्या प्रश्नाचं उरलेलं निम्मं उत्तर हे. ओन डॅमेज उतरलाच होता, पण तो उतरून वाचलेले पैसे या ओळींनी खाल्ले होते.

इंजिनाचे 780 मी बिनबोभाट दिले. वहिनींना चिपळूणची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "हे घेतलं तरी पाण्यात बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारायचा नाही हं भावजी. कव्हर आहे म्हणून मारलात तर भांडण तुम्हालाच करावं लागेल."

राहिलं 9,076, त्यावर 18 टक्के जीएसटी, 10,710. वाचले 1,321 रुपये. मी म्हटलं भरू गणपती झाल्यावर, खर्चाचे दिवस आहेत. वहिनींनी मान हलवली. 31 तारखेनंतर एक दिवस जरी मधे गेला तरी गाडीची तपासणी, फोटो, आणि मधल्या काळात गाडी विनाविमा. गणपतीत रस्त्यावर पोलीस उभे असतातच, पहिला दंड 2,000. नव्वद दिवस गेले तर बोनसही गेला. तिथल्या तिथे भरले.

एका गोष्टीत मला अजून अवघडल्यासारखं वाटतं. ड्रायव्हरचे पन्नास आणि अपघाताचे तीनशे, हे वहिनींनी आपण होऊन सांगायला हवं होतं की मी विचारायला हवं होतं? बायको म्हणते त्यांनी. मी म्हणतो पाच वर्षं मी "हो" एवढाच निरोप पाठवत होतो. वाद मिटलेला नाही. वहिनी गणपतीला आल्या तेव्हा दोघीही उकडीच्या मोदकांबद्दल बोलत होत्या.

भाचा 6 सप्टेंबरला रात्री उशिरा आला, गाडीतून उतरला तो सरळ टीव्हीकडे. प्लेस्टेशन आता फळीवरून उचलून उघड्या स्टुलावर ठेवलाय, चारही बाजूंनी हवा, आणि खेळ संपला की प्लग काढायचा असा कायदा. जाळीवर कापड लावू का असं मी चिपळूणला विचारलं होतं, तर दुरुस्तीवाला म्हणाला पाल येणार नाही पण हवाही येणार नाही, मग पुन्हा माझ्याकडे याल. त्यापेक्षा पावसाळ्यात दर आठवड्याला अर्धा तास चालवा, आतली ओल जाते. लेकीने हा सल्ला फारच मनावर घेतलाय. आठवड्याचा अर्धा तास रोजचा झालाय.

भाच्याने बटण दाबलं, बीप वाजली, आणि तो थांबून कान लावून म्हणाला, "मामा, पंख्याचा आवाजच येत नाहीये. चालू आहे ना?"

मी हिशेबाचा कागद दिला, पिशवी टाचलेला. त्याने कागद वाचलाच नाही. पिशवी उजेडात धरून फिरवून फिरवून बघितली, शेपटीचा काळा भाग लेकीला दाखवला, मोबाइलवर फोटो काढला. अनंत चतुर्दशीनंतर ताईचा डोंबिवलीहून फोन आला. पोराच्या कंपासपेटीत मेलेली पाल सापडली होती, आणि ती मामाने दिली असं तो सांगत होता.